हत्तीवरून जंगल मोजणारा वनाधिकारी

उभ्या झाडात किती लाकूड आहे, हे ते न तोडता कसे सांगायचे? बुंध्याचा घेर मोजता येतो. पण खोड वर जाताना निमुळते होत जाते. ते ना दंडगोल असते, ना शंकू. म्हणूनच घेर आणि उंचीवरून लाकडाचा अंदाज बांधणे हे वनशास्त्राचे मूलभूत काम मानले जाते. ब्रिटिश अमदानीत या कामाला शिस्त लावली ती डिट्रिश ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने.

३१ मार्च १८२४ रोजी बॉन येथे जन्मलेले ब्रँडिस तेथील विद्यापीठात अध्यापन करीत. १८५६ मध्ये लॉर्ड डलहौसी यांनी त्यांच्याकडे ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवानी जंगलांची जबाबदारी सोपविली. जहाजबांधणीसाठी सागाला मोठी मागणी होती आणि शेजारच्या तेनासरीममधील जंगले बेसुमार तोडीने उजाड होत चालली होती. पेगू वाचवायचे, तर तेथे शिल्लक किती आहे, हे आधी कळायला हवे होते.

ब्रँडिस हत्तीवर बसून जंगलात शिरले. हातात बांबूचे चार तुकडे आणि एक चाकू. घेरानुसार सागाचे चार वर्ग केले होते. सहा फूट वा अधिक घेराचे झाड पहिल्या वर्गात. वाटेवर साग दिसला, की त्या वर्गाच्या तुकड्यावर एक खाच पडे. अशा पट्ट्यांतील मोजणीवरून ते सबंध जंगलाचा अंदाज काढीत. दुसऱ्या वर्गातील झाडे ज्या गतीने पहिल्या वर्गात येतील, तेवढीच मोठी झाडे तोडावीत, हा त्यांचा दंडक होता. लाकूड व्यापाऱ्यांना तो रुचला नाही; ब्रँडिस मात्र ठाम राहिले.

१८६४ मध्ये ते भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८७८ मध्ये डेहराडूनचे वनविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षीच्या वनकायद्याने मात्र जंगलांवर सरकारची पकड घट्ट केली. गावांसाठी स्वतंत्र वने राखावीत, हा ब्रँडिस यांचा आग्रह व्यवहारात फारसा उतरला नाही. झाडांचा हिशेब लागला, पण जंगलावर जगणाऱ्यांच्या हक्कांचा प्रश्न मागे राहिला. त्याची झळ पुढील अनेक पिढ्यांनी सोसली.

१८८३ मध्ये निवृत्त झालेल्या ब्रँडिस यांचे २८ मे १९०७ रोजी बॉन येथेच निधन झाले. आज उपग्रह आणि लेसर मदतीला आले आहेत. तरीही जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाला टेप लावल्याशिवाय भारतातील वनमोजणी पूर्ण होत नाही.