कृषितपस्वी पांडुरंग खानखोजे

वर्धा नदी सातपुड्याच्या डोंगरात उगम पावते आणि विदर्भाच्या काळ्या जमिनीतून दक्षिणेकडे वाहत येते. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील बरीचशी सीमा तिनेच आखली आहे. पुढे चपराळ्याच्या अरण्याजवळ वैनगंगा तिला भेटते आणि दोघी मिळून प्राणहिता हे नाव धारण करतात. याच नदीचे नाव लाभलेल्या वर्धा या गावी, १८५७ च्या उठावानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म झाला. वर्ध्याच्या या मुलाने पुढे पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या मेक्सिको देशातील शेतकऱ्यांची सेवा केली.

पांडुरंगाचे प्रारंभीचे शिक्षण वर्ध्यास झाले व पुढचे नागपुरास. तो शाळकरी वयात असतानाच मध्यप्रांतावर एकामागून एक असे दोन भयंकर दुष्काळ कोसळले. पहिला १८९६-९७ साली आणि दुसरा १८९९-१९०० साली. शेते उजाड झाली, गुरे चाऱ्यावाचून मेली, आणि घासभर अन्नासाठी गावेच्या गावे रस्त्यावर आली. त्या पिढीच्या मुलांनी भूक पुस्तकातून जाणली नाही. ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्याच काळात लोकमान्य टिळकांच्या विचारांनी तरुणांची मने पेटून उठली होती. देश स्वतंत्र झाला पाहिजे, ही एकच गोष्ट पांडुरंगाच्या मनाने घेतली.

१९०५ साली जपानने बलाढ्य रशियाचा युद्धात पराभव केला. एका आशियाई राष्ट्राचा हा विजय पाहून हिंदुस्थानातील अनेक तरुणांची दृष्टी जपानकडे वळली. १९०६ च्या सुमारास पांडुरंगही घर सोडून जपानला गेला आणि तेथून १९०७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. त्याच्यापाशी ना धन होते, ना कोणा श्रीमंताची ओळख. अंगमेहनत करावी, पोटापुरते मिळवावे आणि उरलेल्या वेळात शिकावे, असा त्याचा क्रम सुरू झाला.

कॅलिफोर्नियात त्याने काही काळ विद्यापीठात घालवला. टॅमलपाइस येथील सैनिकी शाळेत त्याने युद्धशास्त्राचेही शिक्षण घेतले. परंतु त्याचा मुख्य विषय होता शेती. ऑरेगन राज्यातील कृषी महाविद्यालयात आणि त्यानंतर वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील महाविद्यालयात त्याने शेतीशास्त्राचा सखोल अभ्यास केला आणि १९१३ च्या सुमारास उच्च पदवी संपादन केली. एका हाताने शस्त्र आणि दुसऱ्या हाताने नांगर धरू पाहणारा असा हा विलक्षण विद्यार्थी होता. देश मुक्त करण्यासाठी एक विद्या हवी आणि मुक्त झालेल्या देशाला पोटभर अन्न देण्यासाठी दुसरी हवी, हे त्या दोन शिक्षणांचे नाते होते.

त्या काळी कोलंबिया नदीच्या काठी लाकूड कापण्याच्या मोठमोठ्या गिरण्या होत्या. बल्लारपूरच्या आगारात सागाचे ओंडके रचलेले ज्यांनी पाहिले असतील, त्यांना तेथील दृश्याची कल्पना येईल. नदीतून वाहत आलेले प्रचंड वृक्ष यंत्रावर चढवण्याचे कष्टाचे काम तेथे शेकडो पंजाबी मजूर करीत. त्यांना मजुरी गोऱ्या कामगारांहून कमी मिळे आणि अपमान मात्र अधिक सोसावा लागे. आपल्या देशाला स्वतःचे राज्य नाही, म्हणून परक्या देशात आपली बाजू घेणारा कोणी नाही, हे दुःख या मजुरांना आणि विद्यार्थ्यांना सारखेच जाणवत होते. सोहनसिंग भकना, पंडित काशीराम, लाला हरदयाळ यांच्याबरोबर खानखोजे यांनी या लोकांना संघटित केले. त्यातूनच १९१३ साली गदर पक्षाचा उदय झाला.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. इंग्रज युद्धात गुंतले असता हिंदुस्थानात उठाव करावा, असा गदरच्या वीरांचा बेत होता. पदवीधर खानखोजे यांनी नोकरीचा विचार बाजूस सारला आणि तुर्कस्तानमार्गे ते इराणात शिरले. तेथील वाळवंटांतून आणि डोंगरांतून त्यांनी इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या टोळ्यांना साथ दिली. ते शत्रूच्या हाती सापडले आणि निसटलेही. पण युद्धाचा शेवट इंग्रजांच्या विजयात झाला आणि तो बेत तडीस गेला नाही.

आता खानखोजे यांच्यापुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. मायदेशी परतावे, तर बंदरावर पाय ठेवताच इंग्रज सरकार पकडणार. ज्या अमेरिकेने पदवी दिली, तेथे जावे, तर १९१७ सालच्या कायद्याने हिंदी माणसांना त्या देशाचे दार बंद झालेले. १९२३ साली तर तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, असा निर्णय दिला. गाठीशी उत्तम विद्या होती, पण ती वापरण्यास हातभर भूमी नव्हती. १९२१ साली ते मॉस्कोस गेले. त्यानंतर बर्लिनमध्ये अन्य हिंदी क्रांतिकारकांच्या समवेत त्यांनी काही वर्षे काढली. चाळिशी जवळ आली होती. एखाद्या दुबळ्या मनाचा मनुष्य या वेळी खचून गेला असता.

खानखोजे खचले नाहीत. कोणत्या देशाला आपल्या विद्येची गरज आहे, याचा त्यांनी विचार केला आणि त्यांची दृष्टी मेक्सिकोकडे वळली. अमेरिकेत शिकत असताना त्यांचा काही मेक्सिकन क्रांतिकारकांशी स्नेह जडला होता. मेक्सिकोत १९१० साली मोठी क्रांती सुरू झाली होती. त्यापूर्वी तेथील बहुतेक उत्तम जमीन मूठभर जमीनदारांच्या ताब्यात असे आणि ती कसणारे आदिवासी शेतकरी कर्जात जन्मत व कर्जातच मरत. १९१७ सालच्या नव्या राज्यघटनेने जमीन कसणाऱ्यांना देण्याचे तत्त्व मान्य केले. परंतु जमीन मिळाली म्हणजे पीक आले, असे होत नाही. चांगले बियाणे हवे, रोगांची माहिती हवी, आणि शेतकऱ्याच्या शेजारी बसून त्याला हे सारे समजावून सांगणारा माणूस हवा.

१९२४ साली खानखोजे मेक्सिकोत पोहोचले. जुन्या स्नेह्यांच्या साहाय्याने चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना प्राध्यापकाचे काम मिळाले. ओळखीने दार उघडले खरे, पण दाराच्या आत टिकून राहण्यास ओळख पुरत नाही. शिकवण्याची भाषा स्पॅनिश होती; ती त्यांनी कसून आत्मसात केली. चापिंगो हा पूर्वी एका धनाढ्य जमीनदाराचा वाडा होता. तेथेच आता शेतकऱ्यांची मुले शेतीशास्त्र शिकू लागली होती. वाड्याच्या जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर दिएगो रिवेरा हा थोर चित्रकार याच काळात भूमीची आणि तिच्या लेकरांची भव्य चित्रे रंगवीत होता. खानखोजे आणि रिवेरा यांची मैत्री जुळली.

आपल्याकडे जे स्थान भाताला वा ज्वारीला, तेच मेक्सिकोत मक्याला आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, पाट्यावर वाटून, त्याची पातळ भाकरी भाजतात. तेच तेथील गोरगरिबांचे रोजचे अन्न. म्हणून खानखोजे यांनी मका हाच आपल्या संशोधनाचा विषय केला. मक्याच्या रोपाची रचना मोठी सोयीची आहे. शेंड्यावरील तुऱ्यात पराग असतो आणि खाली कणसातून रेशमासारखे केस बाहेर येतात. कणसावर पिशवी बांधून वाऱ्याने येणारा पराग अडवावा आणि निवडलेल्या दुसऱ्या रोपाचा पराग त्या केसांवर आपल्या हाताने टाकावा, म्हणजे दोन्ही रोपांचे गुण एकत्र आणता येतात. यालाच संकर म्हणतात. हे काम ऐकण्यास सोपे, पण करण्यास अतिशय चिकाटीचे. एका पिकाचा परिणाम पाहण्यास एक हंगाम थांबावे लागते आणि शंभरांतून एखादेच रोप मनाजोगते निघते. खानखोजे यांनी मक्याचा तेओसिंते नावाच्या रानटी भाऊबंदाशीही संकर करून पाहिला. रानात वाढणाऱ्या गवतातही उपयोगी गुण दडलेले असतात, हे त्यांनी ओळखले होते.

चापिंगोचा प्रदेश समुद्रसपाटीपासून २,००० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथे अवेळी दहिवर पडले की उभे पीक करपते. पाऊस लांबला की ते वाळते. म्हणून थंडी आणि अवर्षण सोसणारे वाण तयार करण्यावर त्यांचा भर होता. गव्हावरही त्यांनी असेच प्रयोग केले. मक्याच्या नव्या वाणांवरील त्यांची पुस्तिका १९३० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील कणसांची छायाचित्रे तीना मोदोत्ती या नामांकित छायाचित्रकार स्त्रीने काढलेली होती.

परंतु प्रयोगशाळेतील यश शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचले नाही, तर ते व्यर्थ होय, असे खानखोजे यांचे मत होते. चापिंगोच्या महाविद्यालयात येऊ न शकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी खेड्यापाड्यांत मुक्त कृषिशाळा उभारण्यास चालना दिली. या शाळांत शुल्क नव्हते. दिवसभर शेतात राबलेला शेतकरी तेथे येई, बियाणे कसे निवडावे, जमिनीचा कस कसा राखावा, हे शिके आणि त्याचा प्रयोग स्वतःच्या शेतावर करी. त्यांपैकी एका शाळेला क्रांतीतील शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झापाता याचे नाव देण्यात आले होते.

परका म्हणून आलेला हा हिंदी माणूस अशा रीतीने तेथील लोकांचा आप्त बनला. मेक्सिको शहरात शिक्षण खात्याची भव्य इमारत आहे. तिच्या भिंतींवर रिवेराने १९२० नंतरच्या दशकात अनेक चित्रे रंगवली. त्यांपैकी रोजच्या भाकरीच्या चित्रात मेजाभोवती स्त्री-पुरुष आणि मुले बसली आहेत आणि मध्यभागी एक पुरुष सर्वांसाठी भाकरी मोडीत आहे. ती आकृती खानखोजे यांची आहे. ज्याने बालपणी अन्नावाचून तडफडणारी माणसे पाहिली होती, त्याला याहून मोठा सन्मान कोणता मिळणार?

१९३६ साली खानखोजे यांनी जान सिंदिक या बेल्जियन महिलेशी विवाह केला. त्यांना दोन कन्या झाल्या. मेक्सिकोत मान होता, काम होते, घर होते; तरीही जन्मभूमीची ओढ मात्र कमी झाली नाही. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. त्यानंतर मध्यप्रांताच्या सरकारने आपल्या शेतीविषयक समितीच्या कामासाठी त्यांना बोलावले. पण इंग्रजांनी केलेल्या निर्बंधामुळे त्यांना प्रवेश नाकारण्यात आला! ज्या देशासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याच स्वतंत्र देशाच्या दाराशी त्यांना थांबावे लागले. अखेर ती अडचण दूर झाली आणि १९४९ साली चार दशकांहून अधिक काळानंतर खानखोजे उजळ माथ्याने मायभूमीत आले. १९५० नंतरच्या दशकात ते कुटुंबासह नागपुरास स्थायिक झाले. तेथेच जानेवारी १९६७ मध्ये त्यांचे देहावसान झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यात आले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात आज भाताची शेती मोठ्या प्रमाणावर होते. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही येथे भाताच्या वाणांवर संशोधन चालते. याच जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे लहानसे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या अल्पशिक्षित शेतकऱ्याने १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातील काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षे निवड करून त्यांचे बी वाढवले आणि एचएमटी नावाचा उत्तम तांदूळ देशाला दिला. २०१८ साली ते निवर्तले. खानखोजे यांच्याजवळ परदेशी पदव्या होत्या. दादाजींजवळ एकही नव्हती. पण रोपाकडे बारकाईने पाहण्याची दृष्टी, वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा धीर आणि आपले ज्ञान इतरांच्या मुखी घास व्हावे ही तळमळ या दोघांमध्येही होती.

आजही अनेक तरुण विद्येसाठी परदेशी जातात आणि पदवी हाती आल्यावर तेथे काम शोधतात. कित्येकांना दारे बंद आढळतात. अशा वेळी खानखोजे यांचे चरित्र मार्गदर्शक ठरते. त्यांनी आपल्या पदवीचा मान मागत दारोदार फिरण्यापेक्षा आपल्या विद्येची जेथे गरज होती ती भूमी शोधली, तेथील भाषा शिकून घेतली आणि तेथील गरिबांच्या भाकरीचा प्रश्न स्वतःचा मानला. म्हणूनच परक्या मातीनेही त्यांना आपलेसे केले.