बँड हलला, माणूस मोडला

कम्युनिकेशनच्या पुस्तकात आधी सुपरहेटरोडाइन रिसीव्हर येतो, मग एफएम. मार्कांपुरतं आपण दोन्ही पाठ करतो. पण ही दोन्ही एकाच माणसाची देणगी आहे – एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. गॅदरिंगला निवेदक हातात धरतो ना, तो साधा अॅनालॉग कॉर्डलेस माईकही एफएमवरच चालतो!

जन्म १८ डिसेंबर १८९०, न्यूयॉर्क. १९१२ मध्ये, कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकत असतानाच त्याने रिजनरेटिव्ह सर्किट बनवलं. म्हणजे जवळपास आपल्याच वयात! पहिल्या महायुद्धात सैन्याबरोबर फ्रान्सला गेला, तिथे सुपरहेटरोडाइन सुचलं. पैसा आला, नाव झालं, पण रेडिओची खरखर काही त्याच्या डोक्यातून जाईना. नॉइज घालवायला बाकीचे बँड अरुंद करू बघत होते, याने उलट रुंद केला. १९३३ मध्ये वाइडबँड एफएमची पेटंट्स मिळाली. मग न्यू जर्सीत अल्पाइनला पदरच्या पैशाने टॉवर उभा केला. १९४१ पासून अमेरिकेत ४२ ते ५० मेगाहर्ट्झवर एफएम रीतसर सुरू झालं, लोकांनी सेट घेतले.

आणि १९४५ मध्ये सरकारी कमिशनने एफएमची जागाच बदलली, ८८ मेगाहर्ट्झच्या वर! कारण काय, तर आयनोस्फिअरमुळे लांबची स्टेशनं एकमेकांत घुसतील. आर्मस्ट्राँग मोजमापं घेऊन भांडला, कोणी ऐकलं नाही. नवा बँड वाईट होता असं नाही, आजही आपण तोच ऐकतो. पण लोकांच्या घरातले काही लाख चांगले सेट एका निर्णयात निकामी होणार होते, आणि स्टेशनांना नवे ट्रान्समीटर घ्यावे लागणार होते. कोणाच्या खिशातून? अमेरिकेतल्या कॉर्डलेस माईकवाल्यांनी हेच पुढे भोगलं. ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१७ मध्ये मोबाईल कंपन्यांना लिलावात गेला आणि जुलै २०२० पर्यंत त्यातल्या बहुतेक भागातून माईक हटवावे लागले. ज्यांचे माईक दुसऱ्या बँडवर ट्यून होत नव्हते, त्यांचे कपाटात गेले.

आर्मस्ट्राँगचं दुखणं एवढ्यावर थांबलं नाही. टीव्हीच्या आवाजासाठी एफएम वापरणाऱ्या आरसीए कंपनीवर त्याने १९४८ मध्ये दावा लावला. तारखांवर तारखा, पेटंटची मुदत संपली, पैसाही संपला. घरही तुटलं. ३१ जानेवारी १९५४ ला त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

पत्नी मॅरियन पूर्वी आरसीएच्याच साहेबांची, सारनॉफची, सेक्रेटरी. तिने आरसीएशी तडजोड केली, पण बाकीच्या कंपन्यांना सोडलं नाही. शेवटचा खटला मोटोरोलाविरुद्ध होता. तो तिने १९६७ मध्ये जिंकला.