पाहुणे गवई आणि घरचा वाद्यवृंद
सर एडवर्ड एल्गार यांचे अल्पचरित्र

देवळाचा सण किंवा महोत्सव जवळ आला की एक प्रश्न हटकून उभा राहतो. मिस्सेला गाण्यावाजविण्यास बाहेरून नामांकित मंडळी आणावी, की आपल्याच गायकवृंदावर भिस्त ठेवावी? आमच्यापुढेही हा प्रश्न अनेकदा आला. एका सणास बाहेरच्या मंडळींचे गायन फार गोड झाले. परंतु वर्षभर दर रविवारी गाणारी आपलीच मुले त्या दिवशी कोपऱ्यात हात बांधून उभी होती. ते पाहून आमचे मन खिन्न झाले. तेव्हापासून एका कॅथलिक संगीतकाराचे चरित्र आम्हांस वारंवार आठवते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सर एडवर्ड एल्गार यांचा जन्म इंग्लंडात वुस्टर शहराजवळील ब्रॉडहीथ या खेड्यात २ जून १८५७ रोजी झाला. वडील विल्यम हे पियानो सुरात लावण्याचे काम करीत. पुढे शहराच्या हमरस्त्यावर त्यांचे वाद्यांचे दुकान होते. सेंट जॉर्ज या कॅथलिक देवळात ते ऑर्गन वाजवीत. आई अ‍ॅन यांनी विवाहानंतर कॅथलिक धर्म स्वीकारिला आणि एडवर्ड त्याच धर्मात वाढले. घरी पैशाची ओढ असल्यामुळे जर्मनीत जाऊन संगीत शिकण्याची त्यांची इच्छा मनातच राहिली. १५व्या वर्षी शाळा सुटली आणि वकिलाच्या कचेरीत नोकरी धरावी लागली. तीही त्यांनी वर्षभरात सोडिली. दुकानातील स्वरलिपींची पुस्तके हीच त्यांची पाठशाळा झाली.

१८७७ साली लंडनला जाऊन पोलिट्झर नामक गुरूंकडे त्यांनी व्हायोलिनचे थोडे धडे घेतले. उत्तम व्हायोलिनवादक होऊन गावोगाव पाहुणा म्हणून वाजवावे, अशी त्यांची आकांक्षा होती. परंतु राजधानीतील थोर वादक ऐकल्यावर आपल्या वाद्याचा नाद तेवढा भरदार नाही, हे त्यांनी स्वतःच ओळखिले आणि तो मार्ग सोडून दिला. आपले उणे आपणच ओळखणे ही लहान गोष्ट नव्हे.

यानंतरची वर्षे त्यांनी गावातच घालविली. वुस्टरच्या हौशी वादकमंडळात ते वाजवीत व शिकवीत. घरी भाऊ व मित्र यांच्यासंगे फुंकवाद्यांचा लहानसा मेळ त्यांनी जमविला आणि त्यासाठी स्वतः बसून हे वाद्य हाती घेतले. १८७९ पासून १८८४ पर्यंत जवळच्या पॉविक येथील मनोरुग्णांच्या इस्पितळातील वाद्यवृंदाचे ते चालक होते. तेथे वाजविणारे इस्पितळातील नोकर, आणि वाद्येही जी हाती लागतील ती: बासरी, क्लॅरिनेट, कॉर्नेट, थोडी व्हायोलिने. अशा विजोड मेळासाठी एल्गार रुग्णांच्या करमणुकीचे नाच लिहून देत. कोणते वाद्य कोठे शोभते व कोठे थकते, याचे ज्ञान त्यांना या सामान्य माणसांच्या संगतीत मिळाले.

वुस्टर, हेरफर्ड व ग्लॉस्टर या तीन शहरांच्या कॅथीड्रलांत १८व्या शतकापासून आळीपाळीने संगीतोत्सव भरत आला आहे. त्यात नामांकित गवई बाहेरून येत आणि मागच्या बाकांवर स्थानिक वादकही बसत. अशाच बाकावर बसून एल्गार व्हायोलिन वाजवीत. १८८४ साली वुस्टरच्या कॅथीड्रलास ८०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा बोहेमियाचे ड्वोरझाक हे पाहुणे म्हणून आले आणि क्रुसापाशी उभ्या असलेल्या शोकाकुल मातेवरील आपली संगीतरचना त्यांनी स्वतः चालविली. ड्वोरझाकही खेड्यात जन्मलेले व कॅथलिक. त्यांच्या हाताखाली वाजविताना २७ वर्षांच्या एल्गारांचे मन भारावून गेले. सहा वर्षांनी, १८९० साली, त्याच उत्सवात एल्गारांनी आपली स्वतःची रचना चालविली. पाहुणा निघून गेला, परंतु मागच्या बाकावर बीज टाकून गेला.

१८८५ साली वडिलांच्या जागी ते सेंट जॉर्ज देवळाचे ऑर्गनवादक झाले आणि तेथील साध्या गायकवृंदासाठी त्यांनी लहान लहान स्तोत्रे रचिली. १८८९ साली त्यांचा विवाह अ‍ॅलिस रॉबर्ट्स यांच्याशी झाला. सेनाधिकाऱ्याच्या या कन्येचा जन्म आपल्या देशात, कच्छमधील भूज येथे, १८४८ साली झाला होता. विवाहाची भेट म्हणून देवळाच्या धर्मगुरूंनी एल्गारांना कार्डिनल न्यूमन यांचे जेरोन्शसविषयीचे काव्य दिले. मरणाऱ्या माणसाचा आत्मा देवापुढे जातो व शुद्धिस्थानात प्रवेश करितो, असा त्याचा विषय आहे. ज्या न्यूमन यांना २०१९ साली संतपद मिळाले, तेच हे.

त्या काव्यावर रचिलेले संगीत ३ ऑक्टोबर १९०० रोजी बर्मिंगहॅम येथे प्रथम सादर झाले. एडवर्ड लॉइड, मारी ब्रेमा व प्लंकेट ग्रीन हे नावाजलेले गवई पाहुणे होते आणि चालक हान्स रिख्टर यांच्यासारखे थोर पुरुष होते. तथापि गायकवृंदाचे शिक्षक काही महिन्यांपूर्वीच निवर्तले होते. त्यांच्या जागी वयोवृद्ध स्टॉकली यांस बोलवावे लागले. प्रती उशिरा हाती आल्या, तालमी अपुऱ्या पडल्या, आणि ऐन प्रसंगी गायकवृंदाचा सूर ढळला. एवढे थोर पाहुणे असूनही कार्य फसले! एल्गारांना इतका विषाद झाला की त्यांची देवावरील श्रद्धाही हादरली. पुढील आयुष्यात त्यांची धर्माचरणाची ओढ मंदावली, हेही लपविण्याचे कारण नाही.

परंतु त्या सभेत जर्मनीचे बुट्स नामक संगीतचालक बसले होते. त्यांनी रचनेचे मोल ओळखिले, काव्याचे भाषांतर केले आणि १९०१ व १९०२ साली ड्युसेलडॉर्फ येथे ती पूर्ण तयारीनिशी सादर केली. तेथे तिचा जयजयकार झाला. सप्टेंबर १९०२ मध्ये वुस्टरच्या कॅथीड्रलात ती गायिली गेली. मात्र ते देवालय अँग्लिकन असल्यामुळे पवित्र मरिया, संतजन व शुद्धिस्थान यांविषयीचे शब्द गाळावे किंवा बदलावे लागले. मातोश्री वारून थोडेच दिवस झाले होते. तरी एल्गारांनी स्वतः संचालन केले. जून १९०३ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर येथील कॅथलिक कॅथीड्रलात तीच रचना झाली, तेव्हा गायकवृंद राजधानीचा नव्हता. मातीची भांडी घडविणाऱ्या उत्तर स्टॅफर्डशायरमधील हौशी माणसांचा होता.

१९०४ साली एल्गारांना सर ही पदवी मिळाली. १९२० साली पत्नी निवर्तल्या. २३ फेब्रुवारी १९३४ रोजी वुस्टर येथेच त्यांचे देहावसान झाले आणि लिटल मॉल्व्हर्न येथील सेंट वुल्स्टन या कॅथलिक देवळाच्या आवारात पत्नीशेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली.

या चरित्रातून आम्ही एवढेच शिकलो: पाहुण्यास अवश्य बोलवावे, त्याचा यथायोग्य मान राखावा, परंतु घरच्यांची तालीम आधी पुरी करावी आणि पाहुण्याने गावे ते घरच्यांच्या सोबतीने. बर्मिंगहॅमला जे घडले ते पाहुण्यांच्या उणिवेने नव्हे, तर घरच्या तयारीच्या उणिवेने. आमच्या माडीवर मागच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांपैकी कोणाच्या ठायी देवाने काय ठेविले आहे, ते आम्हांस ठाऊक नाही. म्हणून या महोत्सवाच्या मिस्सेस पाहुणे येतील तेव्हा आपली मुले त्यांच्या शेजारी उभी राहून गातील, असा आम्ही निश्चय केला आहे. आईबापांनी त्यांना तालमीस वेळेवर पाठवावे, ही विनंती. प्रभू त्यांचे कंठ व त्यांचे हात आशीर्वादित करो.