प्रतापसिंहराव आणि सयाजीराव नावाचा घोडा

सयाजीराव म्हटलं की आपल्याला शाळेतला इतिहासाचा धडा आठवतो. सक्तीचं मोफत शिक्षण, बाबासाहेब आंबेडकरांना दिलेली स्कॉलरशिप, बडोद्याची ग्रंथालयं वगैरे. (मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे मला हा धडा इंग्रजीत होता, पण माणूस तोच!) पण सप्टेंबर १९४७ मध्ये इंग्लंडमधल्या डॉनकास्टर गावी जो सयाजीराव सेंट लेजर नावाची शर्यत जिंकला, तो चार पायांचा होता. त्याचे मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, म्हणजे थोरल्या सयाजीरावांचे सख्खे नातू. आजोबांचं नाव घोड्याला! आमच्या घरी कुणी असं केलं असतं तर आज्जीने जेवायला वाढलं नसतं.

मी या माणसाकडे वळलो तो एम-थ्रीमधल्या प्रॉबॅबिलिटीमुळे. पुस्तकात नाणी, फासे आणि पिशवीतले लाल-काळे चेंडू याच्यापुढे गाडी जात नाही. खरी माणसं खऱ्या पैशाने प्रॉबॅबिलिटी कुठे वापरतात हे शोधता शोधता घोड्यांच्या रेसपर्यंत पोचलो आणि तिथे हे महाराज भेटले.

आधी थोडा रेसचा फंडा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेसकोर्सवर हँडिकॅपर नावाचा एक अधिकारी असतो. घोड्यांच्या मागच्या शर्यती बघून तो चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतो आणि कच्च्या घोड्याला कमी ठेवतो. खोगिराबरोबर शिशाच्या पट्ट्या लावून वजन बरोबर केलं जातं. हेतू हा, की सगळे घोडे एका वेळी पोचावेत. म्हणजे पेपर सेट करणारा मास्तरच म्हणा ना! आणि पैसे लावणारा माणूस घरी बसून उलटं गणित करतो, की हँडिकॅपरचा अंदाज कुठे चुकलाय. घोडा मागच्या तीन-चार वेळा कुठल्या अंतरावर पळाला, कुणाबरोबर पळाला, जमीन ओली होती की कडक, जॉकी कोण, वजन किती, आईबाप कोण. दिवसात सात-आठ रेस असल्या तर सात-आठ वेळा हा अभ्यास. आपण परीक्षेच्या आदल्या रात्री करतो त्यापेक्षा नक्कीच जास्त. सुप्रीम कोर्टानेसुद्धा १९९६ साली मद्रासच्या रेस क्लबच्या केसमध्ये घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला. पण डर्बी किंवा सेंट लेजरसारख्या मोठ्या शर्यतीत वजनाची ही सवलत नसते. सगळे तीन वर्षांचे, सगळ्या नर घोड्यांना सारखं वजन, माद्यांना थोडं कमी. तिथे नुसता घोडा ओळखायचा.

प्रतापसिंहरावांचा जन्म २९ जून १९०८ चा. त्यानंतर काही महिन्यांतच वडील फत्तेसिंहराव वारले. पोर वाढलं आजोबांच्या छायेत. आजोबा म्हणजे मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले आणि पै-पैचा हिशेब ठेवणारे. लग्न १९२९ ला झालं, आपल्या कोल्हापूरकडच्या हसूरच्या घोरपडे घराण्यातल्या शांतादेवींशी. म्हणजे बडोद्याच्या महाराणी आपल्याच भागातल्या! १९३९ च्या फेब्रुवारीत आजोबा गेले आणि तिशीतले प्रतापसिंहराव गादीवर आले. तेव्हा बडोदं हे देशातल्या श्रीमंत संस्थानांपैकी एक होतं.

त्यांना घोड्यांचा नाद होताच. मुंबईला महालक्ष्मीवर १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली ती त्यांच्याच प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. जॉकी होता ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. हा ब्रिट पुढच्या गोष्टीत परत येणार आहे. त्याच वर्षी मद्रासच्या रेसकोर्सवर महाराजांची गाठ पिठापूरमच्या सीतादेवींशी पडली. दोघंही विवाहित, दोघांनाही मुलं. बडोद्याच्या स्वतःच्या कायद्यात एक बायको असताना दुसरी करायला बंदी होती, तरी लग्न झालं. कायदा ज्याच्या नावाने चालतो त्यानेच तो मोडला, तर इतरांनी का पाळायचा? ब्रिटिशांनी विचारणा केली, महाराजांनी रेटून नेलं. शांतादेवी बडोद्यातच राहिल्या. त्यांचं काय झालं असेल याबद्दल रेसच्या पुस्तकांत कुणी लिहीत नाही.

आता घोडा. १९४५ ला युद्ध संपलं आणि महाराज इंग्लंडच्या बाजारात उतरले. त्या वर्षी दान्ते नावाच्या घोड्याने डर्बी जिंकली होती. त्याचा सख्खा धाकटा भाऊ, बाप नीआर्को आणि आई रोझी लेजंड, एक वर्षाचा असताना लिलावात आला. महाराजांनी बोली लावली २८,००० गिनी. एक वर्षाच्या शिंगरासाठी तोपर्यंत कुणी एवढे पैसे मोजले नव्हते. मी हिशेब केला. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे २९,४०० पौंड. तेव्हा रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स, त्यामुळे ३ लाख ९२ हजार रुपये. १९४५ चे! आणि घोडा अजून एकदाही पळालेला नाही. नुसत्या भावाच्या मार्कशीटवर अ‍ॅडमिशन. त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. ट्रेनर सॅम आर्मस्ट्राँग, त्याच्यासाठी न्यूमार्केटचं वॉरन प्लेस विकत घेतलं. आणि जॉकी म्हणून ब्रिट मुंबईहून इंग्लंडला पोचला.

खरी मजा १९४७ च्या सीझनमध्ये आहे. टू थाउजंड गिनीज ही शर्यत एक मैलाची, म्हणजे साधारण १६०० मीटर. ती ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाच्या घोड्याने आठ लेंग्थने मारली. आठ लेंग्थ म्हणजे मागचे घोडे फोटोतच येत नाहीत. आपला सयाजीराव तिसरा. मग डर्बी आली, दीड मैलाची, २४०० मीटर. सगळ्या इंग्लंडने ट्यूडर मिन्स्ट्रेलवर पैसे लावले. भाव चारास सात, म्हणजे सात पौंड लावले तर चार मिळणार. टक्केवारीत काढा : सात भागिले अकरा, ६४ टक्के. बाजार म्हणत होता की तीन वेळा डर्बी पळवली तर हा जवळजवळ दोनदा जिंकेल. (सगळ्या घोड्यांची अशी टक्केवारी काढून बेरीज केली तर ती शंभराच्या वर जाते. वरचं ते बुकीचं. म्हणून बुकी गाडीतून येतो आणि पंटर चालत जातो.)

झालं काय? पर्ल डायव्हर नावाचा फ्रान्सहून आलेला घोडा पहिला. भाव चाळीसास एक, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. दुसरा आगाखानांचा मिगोली. तिसरा सयाजीराव. आणि ट्यूडर मिन्स्ट्रेल चौथा! एक मैलाचा राजा दीड मैलात संपला. आता शांत डोक्याने बघा. जो घोडा एक मैलात सयाजीरावाच्या खूप पुढे होता, तो दीड मैलात त्याच्या मागे पडला. म्हणजे सयाजीरावाचा वेग तेवढाच, पण दम जास्त. अंतर वाढेल तसा तो वर चढणार. कागदावर सगळं लिहिलेलं होतं, फक्त वाचायला हवं होतं. पुढे आयर्लंडला तिथली डर्बी तो जिंकला. आणि मग सप्टेंबरमध्ये सेंट लेजर, पावणेदोन मैलांच्या थोडी वर. आर्बार नावाचा घोडा शेवटपर्यंत बरोबर होता. सयाजीराव फक्त डोक्याच्या अंतराने जिंकला. मिगोली तिसरा. देशाला स्वातंत्र्य मिळून महिना होत होता आणि बडोद्याच्या महाराजांनी इंग्लंडची सगळ्यात जुनी क्लासिक शर्यत मारली होती. मला विचाराल तर त्या दिवशी छाती फुगायला हरकत नव्हती.

१९४८ ला त्यांच्याच माय बाबूने टू थाउजंड गिनीज जिंकली, जॉकी चार्ली स्मर्क. दोन वर्षांत दोन क्लासिक.

आणि त्याच १९४८ मध्ये इकडे बडोद्यात दुसरा कागद उघडला. हिशेबतपासणीत निघालं की महाराजांनी खजिन्यातून स्वतःसाठी मोठमोठ्या रकमा उचलल्या आहेत. त्यातलं काही परत करायचं त्यांनी कबूल केलं. पण लोकांचा विश्वास गेला होता. १ मे १९४९ ला बडोदं मुंबई प्रांतात विलीन झालं.

इथे मी जरा अडकतो. रेसवाले त्यांना मोठा मालक म्हणतात आणि ते खरंच आहे. पण पैसे लावणाऱ्याचा पहिला नियम, जो प्रत्येक जुना पंटर सांगतो, तो म्हणजे हरलो तरी चालेल एवढेच आणि स्वतःचेच पैसे लावायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन गेम्सवर कायद्याने बंदी आली. त्याआधी मेसचे पैसे टीमवर लावून महिनाअखेर वडापाववर काढणारे होस्टेलवर कमी नव्हते. त्यांना निदान आपल्या खिशात काय आहे हे माहीत होतं. महाराजांचा खिसा आणि राज्याचा खजिना यांच्यात रेघ होती. आजोबांनीच ती आखली होती. नातवाला ती दिसली नाही असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या खात्यावर जमा करायलाच हवी. १९४९ ला बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ त्यांच्या काळात सुरू झालं. आजोबांनी १८९० ला काढलेलं कलाभवन, जिथे दादासाहेब फाळके शिकले, ते या विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज झालं. म्हणजे घोडा आणि विद्यापीठ, दोघांनाही त्यांनी एकच नाव दिलं.

विलीनीकरण पचनी पडलं नाही. संस्थानिकांची युनियन काढून त्यांनी आवाज उठवला. एप्रिल १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची महाराज म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली आणि मोठा मुलगा फत्तेसिंहराव गादीवर आला. हेच फत्तेसिंहराव पुढे क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष झाले. सीतादेवींबरोबरचं लग्न १९५६ ला मोडलं.

घोड्याचं मात्र चांगलं चाललं. २८,००० गिनी बुडाले म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, सयाजीराव बाप म्हणूनही नाव काढून गेला. त्याची मुलगी ग्लॅडनेस हिने १९५८ ला अ‍ॅस्कॉट गोल्ड कप मारला. तीही लांब पल्ल्याची! आणि १९६४ ला इंडियाना नावाचा त्याचा मुलगा डॉनकास्टरला बापाचीच सेंट लेजर जिंकला. तेव्हा प्रतापसिंहराव ना गादीवर होते ना बडोद्यात. १९ जुलै १९६८ ला ते लंडनमध्ये वारले, वय साठ. माय बाबू १९५६ लाच अमेरिकेला गेला होता आणि तिथे अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या घोड्यांच्या वंशावळीत त्याचं नाव अजून सापडतं.