महिना ३ रुपये!

फेब्रुवारी २०२२ मधला आयपीएलचा लिलाव आठवतोय? मी तेव्हा अकरावीत होतो. आपल्या तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरचं नाव पुकारलं गेलं. बेस प्राइस ३० लाख, आणि बोली थांबली थेट दीड कोटीवर. चेन्नईनं त्याला घेतलं. त्या संध्याकाळी बसस्टँडपासून महाद्वारापर्यंत दुसरा विषयच नव्हता. मीही त्याच रात्री ठरवून टाकलं की आपली खरी लाईन बॉलिंगचीच. (पुढं काय झालं ते माझ्या एम-थ्रीच्या बॅकलॉगला विचारा!)

बॉलिंग राहिली बाजूला, पण खेळाडूंच्या किमती पाठ करायचा नाद मात्र लागला. २००८ ला धोनी ६ कोटी, नोव्हेंबर २०२४ ला पंत २७ कोटी. असं मागं मागं जाता जाता एका मराठी माणसाच्या आकड्यापाशी मी थांबलो. महिना ३ रुपये. नाव पळवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातल्या पळवणचं, जात चांभार. वडील लष्करात नोकरीला असल्यामुळे कुटुंब पुण्यात राहिलं. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. मग पुण्यातल्या पारशी लोकांच्या क्लबात नोकरी लागली. काम काय, तर मैदान झाडायचं, रोलर ओढायचा, आणि मेंबरांना हुक्की आली की त्यांना बॉल टाकायचे. पगार ३ रुपये. पुढं १८९२ च्या सुमारास इंग्रजांच्या पूना क्लबानं ४ रुपये दिले. आजच्या भाषेत हेच त्यांचं पहिलं ‘ट्रान्सफर’!

पण हा पगार बॉलिंगचा नव्हता, रोलर ओढण्याचा होता. बॉलिंग वरकड. ग्रेग नावाचे नामांकित इंग्रज बॅट्समन तासन्‌तास त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करायचे. आपल्याला आऊट केलं की ते बाळूंना आठ आणे द्यायचे, असं सांगतात. महिन्यात आठ वेळा ग्रेगना काढलं की झाला एका पगाराएवढा बोनस! बॅट मात्र बाळूंच्या हातात कोणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचं होतं. असा बॉलर समोर दिसत होता, पण घ्यायचा कसा? बरीच भवति न भवति झाली आणि शेवटी घेतलं. मैदानात सगळे एकाच बॉलला हात लावायचे. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून पिणार, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

१८९६ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला गेले. तिथं हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच वाद, पुन्हा तोच निकाल. विकेट हव्यात ना, मग घ्या! बी. बी. अँड सी. आय. रेल्वेनंही त्यांना नोकरी देऊन आपल्या टीमकडून खेळवलं. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या बॉलिंगचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांचा संघ इंग्लंडला गेला. संघ हरत राहिला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी खांदा दुखत असतानाही ११४ विकेट काढल्या! फर्स्ट क्लासचा एकूण हिशेब ३३ सामने, १७९ विकेट, सरासरी १५.२१.

एवढं सगळं असूनही कर्णधारपद नाही. दरवर्षी भाऊ आणि चाहते मागत राहिले, निवडणारे दुसऱ्यालाच निवडत राहिले. १९२० मध्ये तर त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ निषेध म्हणून बाहेर पडले. शेवटी त्याच स्पर्धेत तडजोड म्हणून बाळूंना उपकर्णधार केलं, आणि कर्णधार पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघ बाळूंनी चालवला. तेवढंच. पुढं १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले. १९३७ मध्ये बाळू काँग्रेसतर्फे मुंबईत खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले आणि दोनेक हजार मतांनी हरले. १९५५ मध्ये ते गेले.

आता खरं कारण सांगतो, हे का लिहायला बसलो.

आम्ही जिथं संध्याकाळी खेळतो तिथं एक मामा आहेत. मॅट अंथरतात, पाणी मारतात, रोलर फिरवतात. बॉलर कमी पडला की आम्ही त्यांनाच हाक मारतो. डावखुरे आहेत, बॉल हातभर वळतो. गेल्या वर्षी त्यांनी मला एका संध्याकाळी चार वेळा बोल्ड काढलं. मॅचच्या दिवशी मात्र आम्ही अकरा नावं लिहिली आणि मामा सीमारेषेबाहेर पाण्याचा जग धरून बसले. कोणी त्यांना मुद्दाम वगळलं नव्हतं. त्यांचं नाव कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्याही नाही. आणि टीमची यादी माझ्याच अक्षरात होती!

बाळूंना ३ चे ४ रुपये करून देणारे भेटले, आठ आणे बक्षीस देणारे भेटले, नोकरी देणारेही भेटले. त्यांच्या विकेटची किंमत सगळ्यांना कळत होती. पण सोबत बसून एक कप चहा प्यायला कोणाच्या खिशातून काही जाणार नव्हतं, आणि नेमकं तेच द्यायला किती वर्षं लागली!

येत्या रविवारी सिव्हिलवाल्यांशी फ्रेंडली मॅच आहे. मामांना विचारलंय. आधी हसले, मग हो म्हणाले. बूट कुणाचे बसतील ते बघतोय. आठ नंबरचे असतील तर कळवा.

– एक (बाद) फिरकीपटू, तृतीय वर्ष, मेकॅनिकल