विश्लेषण : वर्ग कुरणात, शाळा अंगणात... ताराबाई मोडक यांचा प्रयोग नेमका काय होता?

दिवाळीची सुटी संपली की प्राथमिक शाळांमध्ये सहलींचे वेध लागतात. एक दिवस बस येते, मुले किल्ला किंवा शेत बघून येतात आणि दुसऱ्या दिवशी वहीत ‘आमची सहल’ हा निबंध लिहितात. मग वर्षभर पुन्हा फळा आणि बाक. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात (२०२०) खेळ, कृती आणि अनुभव यांतून शिकण्यावर मोठा भर आहे. मात्र महाराष्ट्रात जवळपास ८० वर्षांपूर्वी एका बाईंनी याच्याही पुढचे पाऊल टाकले होते. मुलांना वर्गाबाहेर नेण्याऐवजी त्यांनी वर्गच मुलांकडे नेला. कधी वस्तीतल्या अंगणात, तर कधी गुरे चरायची त्या कुरणात. त्या म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाई मोडक कोण होत्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. प्रार्थना समाजाच्या सुधारकी विचारांत त्या वाढल्या. मुलींना चार इयत्ता शिकवणेही अनेक घरांत जड जात होते, त्या काळात १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या. पती वकील होते. मात्र हा संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये दोघे वेगळे झाले. पदरी लहान मुलगी होती. शंभर वर्षांपूर्वी एकट्या बाईने नोकरी करून मूल वाढवणे म्हणजे काय, याची कल्पना आज करता येते. त्यांच्या या आयुष्यावर रत्नाकर मतकरी यांनी पुढे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिले.

ताराबाईंनी राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या मुख्याध्यापिकेचे काम स्वीकारले. पद मानाचे होते, पगारही होता. तिथेच राहिल्या असत्या तर आयुष्य सुखात गेले असते. पण १९२३ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि भावनगरची वाट धरली.

भावनगरमध्ये असे काय होते?

भावनगरला दक्षिणामूर्ती ही संस्था होती आणि तिथे गिजुभाई बधेका १९२० पासून बालमंदिर चालवत होते. गिजुभाई मूळचे वकील. मारिया माँटेसरी यांची शिक्षणपद्धती वाचून ते भारावले आणि वकिली सोडून लहान मुलांत रमले. छडी नाही, पाठांतराची सक्ती नाही, गोष्टी, गाणी, नाटके आणि भरपूर हातचे काम, असे ते बालमंदिर होते. त्या काळात सहा वर्षांच्या आतील मुलांनाही काही शिकवायचे असते, हेच बहुतेकांना पटत नव्हते.

ताराबाई तिथे नऊ वर्षे राहिल्या. शिकवता शिकवता स्वतः शिकल्या. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतही सुरू केली आणि पालक-शिक्षकांसाठी सातत्याने लिहिले. १९३६ मध्ये मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार उभे केले. तिथे मुलांच्या वर्गांबरोबर शिक्षिकांचे प्रशिक्षणही सुरू झाले.

हाताने शिकणे म्हणजे काय?

माँटेसरी पद्धतीचा पाया साधा आहे. लहान मूल ऐकून कमी आणि हाताळून जास्त शिकते. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद त्याला आधी बोटांना कळतात, शब्द नंतर येतात. म्हणून या पद्धतीत एकावर एक रचायचे ठोकळे, खाचेत बसवायचे दट्टे, मोजायचे मणी आणि बोट फिरवून गिरवायची खरखरीत कागदाची अक्षरे असतात. दट्टा चुकीच्या खाचेत बसतच नाही. त्यामुळे चूक दाखवायला बाईंची गरज पडत नाही, मूल स्वतःच ती दुरुस्त करते. शिक्षकाचे काम बघण्याचे आणि लागेल तेव्हाच मदत करण्याचे.

यात एक विरोधाभास होता. माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले होते. भारतात मात्र ही पद्धत महागड्या लाकडी साधनांमुळे शहरातील ऐपतदार घरांपुरती राहिली. ज्या मुलांना तिची सर्वाधिक गरज, त्यांच्यापर्यंत ती पोहोचतच नव्हती. ताराबाईंच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ या अडचणीत आहे.

दादर सोडून बोर्डी का?

गांधीजींची नई तालीम १९३७ पासून चर्चेत होती. काम करता करता शिक्षण हा तिचा गाभा. १९४४ नंतर या विचारात शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाचाही समावेश झाला. खेड्यातल्या गरीब मुलाला परवडेल असे बालशिक्षण उभे राहू शकते का, हा प्रश्न ताराबाईंनी स्वतःपुढे ठेवला. त्याचे उत्तर दादरला बसून मिळणार नव्हते.

१९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्यांचे वय ५३ होते. सोबतीला अनुताई वाघ आल्या. १३ व्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताई जिद्दीने शिकून शिक्षिका झाल्या होत्या. या दोघींची जोडी ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकली.

बोर्डी-घोलवडचा पट्टा म्हणजे चिकूच्या वाड्या, ताडाची झाडे आणि मागे डोंगरात वारली पाडे. त्याच वर्षी या परिसरात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. आईवडील सावकार-जमीनदाराच्या शेतावर आणि गवत कापणीवर राबत असलेल्या मुलांसाठी ही शाळा निघाली होती.

अंगणवाडीची कल्पना कशी सुचली?

पहिला अनुभव निराशेचा होता. बालवाडी उघडली, पण गावाबाहेरच्या दलित वस्तीतली मुले येईनात. कारणे अनेक होती. अंगावर धड कपडे नसायचे. थोडी मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळायची. आईबापांना या खेळण्या-गाण्यात शिक्षण दिसत नव्हते. शिवाय सवर्णांच्या मुलांशेजारी आपले मूल बसवण्याची धास्तीही होती.

अशा वेळी संस्था बहुधा पालकांना दोष देऊन मोकळ्या होतात. ताराबाईंनी मात्र जागा बदलली. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी मुलांकडे जाईल, असे ठरले. रोज ठरावीक वेळी सेविका सामान घेऊन वस्तीत जायची आणि कोणाच्या तरी अंगणात किंवा झाडाखाली मुलांना जमवायची. सुरुवात अभ्यासाने होत नसे. आधी हात-पाय-तोंड धुणे, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ आणि मातीकाम. चार दिवसांनी भोवती आया उभ्या राहू लागत. मुलासमोर स्वच्छता होई आणि आईसमोर शिक्षण होई, असा हा दुहेरी वर्ग होता.

अशा रीतीने दोन प्रकार तयार झाले. एका जागी भरणारी मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीत जाणारी अंगण बालवाडी.

महागड्या साधनांचे काय झाले?

लाकडी पेट्या बोर्डीत परवडणाऱ्या नव्हत्या आणि त्या मुलांना परक्याही होत्या. ताराबाई आणि अनुताईंनी परिसरातच साधने शोधली. समुद्रावर शिंपले होते, रानात बिया, पाने, फुले, काड्या होत्या, ओढ्यात गोटे होते आणि माती तर सगळीकडेच होती. शिंपले आकाराप्रमाणे लावायचे, बियांचे ढीग करून मोजायचे, पाने ताडून बघायची, मातीची भांडी आणि जनावरे करायची. माँटेसरींच्या पेटीतले तत्त्व तेच राहिले. वेगळे करणे, जुळवणे, क्रम लावणे, मोजणे. फक्त खर्च जवळपास शून्यावर आला.

याचा आणखी एक फायदा झाला. साधने गोळा करण्यासाठी मुलांना घेऊन बाहेर पडावेच लागे. समुद्रावरची चक्कर ही मौजही होती आणि वर्गाची तयारीही. सहल आणि अभ्यास यांच्यात भिंत उरली नाही. कोणत्या झाडाची बी कोणती, हे तर मुलांना बाईंपेक्षा जास्त ठाऊक असायचे. शाळेत पहिल्यांदा त्यांच्या माहितीला किंमत आली.

कुरणशाळा काय होती?

१९५७ मध्ये काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. इथे गाठ थेट वारली पाड्यांशी होती आणि अडचण आणखी वेगळी होती. प्राथमिक शाळेच्या वयाची मुले सकाळी गुरे घेऊन बाहेर पडायची. ती संध्याकाळी परतायची. घरच्या पोटापाण्याच्या हिशेबात मुलाचे काम धरलेलेच असे. त्याला शाळेत घालणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास काढण्यासारखे होते. सक्ती करून किंवा समजूत घालून हे गणित सुटणारे नव्हते.

त्यातून कुरणशाळा निघाली. मुले गुरांमागे जातात, तर शिक्षकही साहित्य घेऊन त्यांच्यामागे जाणार. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरणार. मोजायला समोर जनावरे आणि खडे, लिहायला जमीन आणि पाटी, निसर्ग शिकायला अख्खे रान. एखादे गुरू भरकटले तर मूल उठून जाणार आणि वळवून परत येणार. हजेरी, घंटा, गणवेश यांतले काहीही अडवे येत नव्हते.

कुरणशाळेने मुलाचे कष्ट संपवले नाहीत, हे मान्य करावे लागेल. गुरे त्यालाच राखावी लागत होती. पण त्या परिस्थितीत अक्षरओळख अजिबात न होणे आणि कुरणात होणे, एवढेच दोन पर्याय मुलापुढे होते. ताराबाईंनी आदर्श परिस्थितीची वाट पाहिली नाही.

मुलींसाठी काही वेगळा विचार होता का?

होता. वारली घरात धाकटे भावंड बहुधा थोरल्या बहिणीच्या कडेवर असे. त्यामुळे तिची शाळा सुरू होण्याआधीच संपायची. यावर तोडगा म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आल्या. या रचनेला विकासवाडी म्हटले गेले. ताई कडेवरच्या भावाला पाळणाघरात ठेवी, मधल्याला बालवाडीत सोडी आणि स्वतः वर्गात बसे. मोठ्या मुली आळीपाळीने लहानग्यांकडे बघत, तेव्हा बालसंगोपनाचे शिक्षणही हातासरशी होई. बालवाडीतून पहिलीत जाताना मुलाला एकदम अनोळखी जगात पडल्यासारखेही वाटत नसे.

या कामाची दखल कशी घेतली गेली?

१९६२ मध्ये केंद्र सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगावी पोहोचला. ताराबाईंची अंगण बालवाडी ही या कल्पनेची पूर्वसुरी मानली जाते. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये निधन होईपर्यंत पुढे नेले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रवास मांडला आहे. ठाणे जिल्ह्याच्या विभाजनानंतर कोसबाड आता पालघर जिल्ह्यात येते.

आजच्या शाळांसाठी यात काय आहे?

कृतियुक्त शिक्षण म्हटले की अनेक शाळांत साहित्याच्या खरेदीची यादी पुढे येते आणि पालकांच्या खिशाला कात्री लागते. ताराबाईंचा प्रयोग दाखवतो की खर्च नसतानाही हे जमते, पण त्याला दुसरी किंमत द्यावी लागते. शिक्षकाला परिसर माहीत असावा लागतो, रोज तयारी करावी लागते आणि मुलाच्या गतीने थांबावे लागते. हातात चाळीस-पन्नास मुले आणि वर ढीगभर अहवाल असतील, तर हे होत नाही. अंगणवाडी सेविकांवर पोषण आहार, नोंदी, सर्वेक्षणे यांचा भार वाढत गेला, तसा गाणी-गोष्टी-मातीकामाचा वेळ आक्रसत गेला, हे याचेच उदाहरण.

दुसरा मुद्दा गैरहजेरीचा. ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकामांच्या मागे फिरणाऱ्या कुटुंबांतली मुले आजही हजेरीपटावर असतात आणि वर्गात नसतात. अशा मुलाच्या नावापुढे गैरहजर लिहिण्यापूर्वी ते या घडीला कुठे आहे आणि शाळा तिथवर कशी जाईल, हे ताराबाईंनी आधी पाहिले असते. बोर्डीत याचे उत्तर अंगण होते आणि कोसबाडला कुरण.