डासाच्या पोटातला मांडव

रोनाल्ड रॉस म्हटले की शाळेच्या पुस्तकातला हिवताप आठवतो. मला आधी आठवतो तो कादंबरीकार रॉस. १८५७ साली अलमोड्यात जन्मलेल्या या मुलाला लेखक व्हायचे होते. लष्करातल्या वडिलांनी त्याला डॉक्टरकीला घातले. पुढे नोकरी सांभाळून त्याने कादंबऱ्या लिहिल्याच. बँकेची खातेवही मिटून लिहायला बसणाऱ्या माझ्यासारख्याला हा माणूस घरचा वाटतो.

१८९७चा ऑगस्ट, सिकंदराबाद. पंखा हलवला की चिरलेले डास उडून जात, म्हणून पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले. हुसेन खान नावाचा रुग्ण अंगाला डास चावून घेई, दर डासामागे एक आणा घेऊन. २० ऑगस्टला अशाच एका डासाच्या जठराच्या भिंतीवर रॉसला गोल पेशी दिसल्या आणि त्यांत हिवतापाचे ओळखीचे काळे रंगकण. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्याने पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून परजीवीचा डासाच्या लाळेपर्यंतचा प्रवास शोधला. १९०२ साली नोबेल मिळाले.

त्या गोल पेशींत आणखी काय दडले होते, हे रॉसला कळणे शक्य नव्हते. माणसाच्या रक्तात हा परजीवी एकाचे अनेक होत वाढतो. नर-मादीचे मीलन मात्र डासाच्या पोटात होते. डासाने रक्ताबरोबर दोन वेगळे वाण प्यायले, तर तिथेच दोघांची जनुके मिसळतात आणि त्या गोल पेशींतून नव्या गुणांची प्रजा बाहेर पडते. म्हणून एकदा ताप येऊन गेलेल्या माणसाच्या शरीराला पुढच्या वेळचा वाण अनोळखी वाटू शकतो. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी शिफारस केलेली पहिली लसही एकाच वाणाच्या प्रथिनावरून बनली आहे. त्याच्याशी जुळणाऱ्या परजीवींवर ती अधिक चालते.

रॉसचा उपाय यापेक्षा साधा होता. डबकी बुजवा, पाणी वाहते करा. १९०८ साली मॉरिशसच्या अहवालात त्याने गणित मांडले: सगळे डास मारायची गरज नाही, संख्या एका मर्यादेखाली आली की रोग आपोआप ओसरतो. माझ्या मते नोबेलपेक्षा हा हिशेब मोठा. कारण डबके बुजवणारा कुठल्या वाणाचा परजीवी म्हणून विचारत नाही. शिवाय रोगाचा फैलाव घटला की एकाच डासात दोन वाण भेटण्याचे प्रसंगही घटतात, संकर कमी होतो. अर्थात औषधाला न जुमानणारा एखादा वाण एकटाच माजू शकतो. कंबोडियात तसे घडले.

उतारवयात रॉस भांडकुदळ झाला. श्रेयावरून इटलीच्या ग्रासीशी वाद, पैशांसाठी सरकारकडे तक्रारी. १९३२ साली लंडनमध्ये, त्याच्याच नावाच्या संस्थेत, त्याने डोळे मिटले.